ह्यांनी बोटॉक्स घेतलं त्याची हकिगत

सांगली

प्रिय मंगल,



आमच्या सईने तुला अर्धवट बातमी कळवली आणि त्यावर तुझा निरोप आला, ‘भाऊजी, या वयात बोटॉक्स? आणि तेही आम्हाला न विचारता?’ ह्यांनी तो दोनदा वाचून घेतला. फोनवर सगळं सांगायला बसले तर माझी सकाळ आणि तुझी रात्र दोन्ही वाया जातील, म्हणून पत्र लिहिते आहे. चहा घेऊन बस, लांबणार आहे.

तू हसलीस त्यात तुझं काही चुकलं नाही. बोटॉक्स म्हटलं की सिनेमानट्या आणि सपाट कपाळंच डोळ्यांसमोर येतात. गंमत म्हणजे हे सुरकुत्यांचं प्रकरण सुरू झालं तुझ्याच व्हँकुव्हरात. जीन करुथर्स नावाच्या डोळ्यांच्या डॉक्टर पापण्या आपोआप गच्च मिटण्याच्या विकारावर हे इंजेक्शन देत. १९८७ च्या सुमारास त्यांच्या एका रुग्ण बाईंनी तक्रार केली की, या वेळी भुवयांच्या मध्ये सुई का नाही टोचली? तिथे टोचलं की माझा चेहरा कसा निवांत दिसतो. जीनबाईंचे यजमान ॲलिस्टर त्वचेचे डॉक्टर. दोघांनी मिळून आपल्याच रिसेप्शनिस्टच्या कपाळावर प्रयोग केला आणि १९९२ मध्ये त्यावर लेख छापला. पुढचं तुला माहीतच आहे, तुझ्या बिल्डिंगमधल्या निम्म्या बायका त्या लेखाच्या लाभार्थी असतील.

ह्यांचं मात्र कपाळ जसंच्या तसं आहे. सुई घशात दिली.

दिवाळी झाल्यावर एका पहाटे हे उठले आणि भिंत धरून खाली बसले. भोवळ, उलट्यांवर उलट्या. शेजारचे म्हणाले, फराळाचं पित्त झालं असेल. पण आवाज घोगरा येत होता, डावी पापणी उतरलेली, आणि हातपाय मात्र चारही शाबूत. एमआरआयमध्ये दिसलं की लंबमज्जेच्या एका कडेला रक्तपुरवठा थांबलाय. तीच लंबमज्जा, जिची आकृती आपण दहावीच्या पोरांकडून घोटून घ्यायचो. त्या इवल्याशा जागेत काय काय कोंबलेलं असतं हे मी तेहतीस वर्षं शिकवलं आणि कळलं आत्ता. डाव्या गालाला आणि अंगाच्या उजव्या बाजूला गरम-गार कळेना. अंघोळीचं पाणी उजव्या हाताने बघायचं नाही, असा घरात नियम झाला. उचक्या तर अशा की रात्र रात्र थांबायच्या नाहीत. हे सगळं हळूहळू ओसरलं. गिळणं तेवढं परत आलं नाही.

गिळणं म्हणजे अन्न गिळणं एवढंच आपण धरतो. अगं, थुंकीसुद्धा गिळता येईना. माणूस दिवसाकाठी साधारण पाचशे-सातशे वेळा गिळतो, झोपेतही, आणि त्याचा पत्ता आपल्याला नसतो. ह्यांच्या हातात सारखी एक स्टीलची वाटी. कोणी भेटायला आलं की ती रुमालाखाली लपवायची. मला सगळ्यात जास्त त्या रुमालाचं वाईट वाटायचं.

घशाच्या खाली, अन्ननलिकेच्या तोंडाशी, एक स्नायू असतो, क्रिकोफॅरिंजियस. बटव्याची नाडी असावी तसा तो एरवी कायम आवळलेला असतो. घास मागे गेला की मेंदूकडून त्याला क्षणभर ढिलं व्हायचा निरोप येतो, त्याच वेळी स्वरयंत्र वर-पुढे उचललं जातं, तोंड उघडतं, घास आत, पुन्हा बंद. घशातला हा सगळा कारभार सेकंदाभरात आटोपतो. ह्यांच्या बाबतीत ढिलं व्हायचा निरोपच नीट पोचत नव्हता, आणि घसाही एका बाजूने दुबळा झालेला. मग वर साठलेलं जाणार कुठे? शेजारचं दार श्वासनलिकेचं.

हे मला सांगून कळलं नसतं, पडद्यावर पाहिलं म्हणून कळलं. बेरियम कालवलेलं पातळ, मग दाट, असं चमच्या-चमच्याने देतात आणि क्ष-किरणांनी चालता चित्रपट घेतात. काळा ठिपका जिभेवरून घरंगळला, घशाच्या तळाशी येऊन थांबला, साचला, आणि त्यातली एक बारीक रेघ पुढच्या बाजूने श्वासनलिकेत उतरली. हे खोकलेसुद्धा नाहीत. खोकला येत नाही म्हणून सगळं ठीक आहे असं घरच्यांना वाटतं, आणि न्यूमोनिया तिथूनच होतो, असं आमची थेरपिस्ट म्हणाली. तिशीच्या आतली मुलगी, पण ह्यांना दम भरताना मुळीच कचरत नाही.

तेव्हा नाकातून नळी. दर दोन-तीन तासांनी गाळलेलं मुगाचं कढण, दूध, ताक, नाचणीची पातळ पेज, पाठ उंच करून बसवायचं, हळूहळू सोडायचं, मग पाण्याने नळी धुवायची. पोट भरतं. पण तुला हे माहीत आहेत, हा माणूस घरात फोडणीचा आवाज आला की वर्तमानपत्र बाजूला ठेवणारा. मी स्वयंपाकघराचं दार लावून स्वतःपुरती भाजी करू लागले, तर एक दिवस पाटीवर लिहून दाखवलं, ‘दार उघड, वास तरी येऊ दे.’ संक्रांतीला लोक तिळगूळ घेऊन आले आणि नळी बघून हातातच ठेवून बसले. सल्ल्यांचा मात्र तुटवडा नव्हता. एक बाई म्हणाल्या, जरा तूप चोळून घास ढकलून बघा. ढकलून!

डॉक्टरांनी थांबायला सांगितलं होतं, आणि ते बरोबरच होतं. या जातीच्या झटक्यात बहुतेकांचं गिळणं काही आठवड्यांत-महिन्यांत परत येतं. व्यायाम चालू होते. उताणं झोपून खांदे न उचलता फक्त डोकं उचलायचं आणि स्वतःच्या पायांच्या बोटांकडे बघत राहायचं, मिनिटभर, मग पुन्हा. अमेरिकेतल्या रझा शेकर नावाच्या डॉक्टरांचा हा व्यायाम, गळ्याच्या पुढचे स्नायू बळकट होऊन ते तोंड जास्त उघडावं म्हणून. दुसरा व्यायाम, गिळताना कंठमणी वर गेला की तो तिथेच धरून ठेवायचा. तू आत्ता करून बघ, किती अवघड आहे ते. घशाची ताकद बरीच सुधारली. नाडी मात्र ढिली होईना. दुसऱ्या बेरियमलाही चित्र तेच. मग पुण्याला, आवाज आणि गिळणं यांचंच काम करणाऱ्या एका ईएनटी सर्जनकडे.

त्यांनी तीन वाटा सांगितल्या. फुग्याने ते तोंड ताणायचं, स्नायू कापून टाकायचा, किंवा त्यात बोट्युलिनमचं इंजेक्शन द्यायचं. कापलेलं परत जोडता येत नाही आणि इंजेक्शनचा असर तीन-चार महिन्यांत उतरतो, तेव्हा आधी तेच करू, म्हणाले. नाव ऐकून माझ्या पोटात गोळा आला. मंगल, मी हे विष शिकवलंय! ‘अन्नविषबाधा’ या धड्यात. माणसाला माहीत असलेल्या विषांत सगळ्यात जहाल, असं फळ्यावर लिहून त्याखाली रेघ ओढायचे.

घरी येऊन मी सईच्या लॅपटॉपवर बसले ते मध्यरात्रीपर्यंत. या विषाचा पहिला नीट अभ्यास केला तो युस्टिनुस केर्नर या जर्मन डॉक्टरने, एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला, व्युर्टेम्बर्ग राज्यात. गृहस्थ कवीही होता. तिकडे डुकराच्या रक्ताचे सॉसेज खाऊन माणसं मरत होती. त्याने १८२२ पर्यंत दीडशेच्या वर रुग्णांच्या नोंदी केल्या, खराब सॉसेजचा अर्क काढून जनावरांवर वापरला आणि मग, कवीच तो, थेंब स्वतःच्या जिभेवर ठेवून पाहिले. त्याने लिहिलेली लक्षणं वाचताना मला आमचीच केस-फाइल वाचतेय असं वाटलं. तोंड कोरडं पडतं, पापण्या उतरतात, आवाज बसतो, गिळता येत नाही, आणि शुद्ध मात्र शेवटपर्यंत लख्ख राहते. त्याच माणसाने हेही लिहून ठेवलं की अगदी सूक्ष्म मात्रेत हे विष अतिउत्साही नसांना शांत करायला उपयोगी पडेल. त्यानंतर जवळजवळ दीडशे वर्षं कोणी ते मनावर घेतलं नाही.

मधे १८९५ च्या डिसेंबरात बेल्जियममधल्या एलेझेल या खेड्यात एका अंत्ययात्रेत वाजवायला गेलेल्या बँडवाल्यांनी खारवलेलं डुकराचं मांस खाल्लं. तिघे दगावले. त्या मांसातून गेंटचे प्राध्यापक व्हॅन एर्मेंगेम यांनी जंतू शोधून काढला. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन लष्कराने त्याचं विष शुद्ध करायला घेतलं ते अर्थातच कोणाच्या भल्यासाठी नव्हे. त्या कामातल्या एडवर्ड शांट्झ यांनी पुढे सॅन फ्रान्सिस्कोच्या ॲलन स्कॉट यांना ते पुरवलं. स्कॉट डोळ्यांचे डॉक्टर, तिरळेपणावर शस्त्रक्रियेवाचून उपाय शोधत होते. आधी माकडं, मग माणसं, आणि १९८९ मध्ये अमेरिकेत औषध म्हणून परवानगी. म्हणजे सुरकुत्या नंतरच्या. आधी डोळे. आणि गिळण्यासाठी ह्यांच्या त्या क्रिकोफॅरिंजियसमध्ये इंजेक्शन दिल्याचा जर्मनीतल्या डॉक्टरांचा लेख १९९४ चा आहे, फक्त सात रुग्णांचा.

काम कसं करतं ते तुला, वनस्पतिशास्त्रवालीला, दोन वाक्यांत सांगते. नस जिथे स्नायूला भिडते तिथे ॲसिटिलकोलीनच्या पुड्या सुटाव्या लागतात, तरच स्नायू आवळतो. हे विष नसेच्या टोकात शिरून स्नॅप-२५ नावाचं एक प्रथिन कातरतं, पुडी सुटत नाही, स्नायू ढिला पडतो, आणि काही महिन्यांनी नस ते प्रथिन पुन्हा घडवून कामाला लागते.

आता मला जे पचायला सगळ्यात जड गेलं ते ऐक. पोटातून अंगभर गेलं तर हेच विष माणसाचं गिळणं बंद पाडतं, आणि आम्ही ते गिळणं सुरू व्हावं म्हणून टोचून घेणार! फरक फक्त जागेचा आणि मात्रेचा. आणि ती जागा कशी, तर नाडीच्या एका अंगाला घास ढकलणारे स्नायू, जे आधीच दुबळे आहेत, आणि पुढच्या अंगाला स्वरतंतू उघडणारे. औषध तिकडे झिरपलं तर गिळणं आणखी बिघडेल, आवाज जाईल, श्वासालाही त्रास होईल. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००९ पासून वेष्टनावर चौकटीत हा इशारा छापायला लावलाय. संमतिपत्रावर हे सगळं होतं. मी डॉक्टरांना म्हटलं, तुमचा हात स्थिर आहे ना? ते हसले नाहीत, शांतपणे मात्रा कशी ठरवली ते समजावून सांगितलं. तिथे माझा त्यांच्यावर विश्वास बसला.

मी पुरावाही विचारला, शिक्षिकेची खोड. २०१४ मध्ये पुरावे तपासणाऱ्या कॉक्रेनवाल्यांनी मेंदूच्या विकारातल्या नेमक्या या उपचारावर जगभरचे अभ्यास धुंडाळले आणि त्यांच्या कसोटीला उतरणारी एकही चाचणी त्यांना सापडली नाही. छोट्या छोट्या रुग्णगटांचे अनुभव आहेत, बरेचसे चांगले, पण अर्ध्यांना औषध, अर्ध्यांना नुसतं पाणी, असं तोवर करून पाहिलेलं नव्हतं. डॉक्टरांनी ते सरळ मान्य केलं आणि म्हणाले, म्हणूनच मी प्रत्येकाला देत नाही. घशात ढकलायची ताकद असेल, स्वरयंत्र वर उचललं जात असेल आणि अडसर फक्त नाडीचाच असेल, तरच. मला हे बरं वाटलं. खात्री देणाऱ्या डॉक्टरांची मला हल्ली भीतीच वाटते.

कुपी मी पाहिली. शंभर युनिटची, आणि आत काहीच नाही! नर्सला म्हटलं, अहो, रिकामी दिलीत. ती म्हणाली, सगळ्यांना तसंच वाटतं. तळाशी दिसेल न दिसेल असा कोरडा थर असतो, त्यातही बहुतेक मीठ आणि अल्ब्युमिन. विष म्हणशील तर सुमारे पाच नॅनोग्रॅम. एका ग्रॅममध्ये अशा वीस कोटी कुप्या होतील. आणि युनिट कशाचं, तर जेवढ्याने प्रयोगातले निम्मे उंदीर मरतात तेवढं एक युनिट. या मापाची चौकशी मी केली नसती तरी चाललं असतं.

भूल देऊन, तोंडातून दुर्बीण घालून, त्या स्नायूत दोन-तीन ठिकाणी सुई. काही ठिकाणी भूल न देता मानेतून, स्नायूतल्या विजेचा आवाज ऐकत देतात म्हणे. बाहेर आले तेव्हा काहीच बदललं नव्हतं, वाटी हातात होतीच. लगेच असर होत नाही हे माहीत असूनही मी ह्यांच्या गळ्याकडे टक लावून बसले होते. तीन-चार दिवसांनी सकाळी वाटी नेहमीपेक्षा हलकी लागली. ह्यांना बोलले नाही. दुसऱ्या दिवशी तेच. मग पुन्हा बेरियम. मान डावीकडे, म्हणजे दुबळ्या बाजूकडे वळवायची, म्हणजे ती बाजू दबते आणि घास धडधाकट बाजूने उतरतो. ठिपका आला, थांबला, आणि सरकला. सगळा नाही, थोडा वर राहिलाच, तो दुसऱ्या गिळण्याला गेला. थेरपिस्ट मुलगी पडद्याकडे बोट दाखवून ‘काका, बघा, बघा!’ म्हणून ओरडली.

आता कामाची गोष्ट. इंजेक्शनने गिळता येत नाही, गिळायला वाव मिळतो. तीन-चार महिन्यांच्या त्या मुदतीत मेंदूला पुन्हा शिकवून घ्यायचं. म्हणून व्यायाम आधीपेक्षा दुप्पट कडक झालेत. सुरुवात फेटलेल्या दह्याच्या अर्ध्या चमच्याने झाली, मग कुस्करलेलं केळं, मग गुरगुट्या भात आणि मेतकूट. नळी निघाली. एका जेवणाला पाऊण तास लागतो, मध्ये बोलायचं नाही, टीव्ही बंद, प्रत्येक घासाला मान डावीकडे. त्या बाजूला देवघर आहे, त्यामुळे आलेल्या पाहुण्यांना वाटतं ह्यांना म्हातारपणी भक्ती लागली. पोळी अजून नाही, पोहे नाहीत, आणि पाणी अजून घट्ट करूनच. असर उतरल्यावर काय होतं ते बघायचं आहे. काहींना पुन्हा लागत नाही, काहींना पुन्हा पुन्हा घ्यावं लागतं, काही शेवटी कापून घेतात.

विम्याचं विचारू नकोस. तिकडची मुलगी फोनवर म्हणाली, ‘आजी, कॉस्मेटिक ट्रीटमेंट कव्हर होत नाही.’ मी म्हटलं, बाळ, माणूस जेवला तर त्यात सौंदर्यच आहे, पण ते तुझ्या फॉर्ममध्ये बसणार नाही. डॉक्टरांचं पत्र जोडून पाठवलंय. अजून ‘विचाराधीन’ आहे.

पुण्याच्या दवाखान्यात बसले की काय काय कळतं. साताऱ्याकडच्या एक आजी भेटल्या, ऐंशीच्या पुढच्या. त्यांचं दुखणं अन्ननलिकेच्या दुसऱ्या टोकाला, जठरापाशी. तिथला स्नायू उघडत नाही, त्याला अकॅलेझिया म्हणतात. खाल्लेलं छातीत अडकतं, रात्री आडवं झालं की उशीवर येतं. तिथेही हेच इंजेक्शन. पंकज पसरिचा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बाल्टिमोरमध्ये एकवीस रुग्णांवर केलेली चाचणी १९९५ मध्ये छापून आली, आणि ती चाचणी निम्म्यांना नुसतं पाणी देऊन केलेली, माझ्या मनासारखी. तरुणांना त्यापेक्षा फुगा किंवा शस्त्रक्रिया बरी, कारण इंजेक्शनचा गुण काही महिन्यांत उतरतो. ऑपरेशन न झेपणाऱ्या म्हाताऱ्यांना हे सोयीचं. आजी म्हणाल्या, ‘वरीसभर भाकरी खाल्ली तर लई झालं.’

आणि ढेकर न येण्याचाही एक आजार आहे हे तुला माहीत होतं का? तोच वरचा स्नायू, फक्त उलट वाहतूक अडवणारा. खालची हवा वर येऊ देत नाही, पोट फुगतं, गळ्यात बेडूक बसल्यासारखं गुरगुरतं. शिकागोजवळचे डॉक्टर रॉबर्ट बॅस्टियन यांनी २०१९ मध्ये अशा एक्कावन्न जणांना बोटॉक्स देऊन ढेकर मिळवून दिल्याचं छापलं. आपल्याकडे जेवणानंतरच्या ढेकरेला ‘अन्नदाता सुखी भव’चा मान, आणि तिकडे त्यासाठी सुई. ह्यांना हे इतकं आवडलं की भात खाऊन झाला की मुद्दाम मोठी ढेकर देतात आणि म्हणतात, हे तपासलं पाहिजे.

तू जूनमध्ये येतेस म्हणालीस, तेव्हा एक काम. पाणी घट्ट करायची पावडर तिकडे औषधांच्या दुकानात मिळते, झॅन्थन गमची. बिनचवीची बघ, आणि ढवळल्यावर गुठळ्या न होणारी. इकडे मिळते ती महाग आहे आणि मागितल्यावर आठ दिवसांनी येते. दोन डबे आण. मेपल सिरप आणू नकोस, ह्यांची साखर वाढली आहे.

तुझी,
शैला

ता. क. तुझ्या श्वेताला सातवा महिना लागला ना? मग हे वाचून दाखव तिला. बाळाला वर्षाचं होईपर्यंत मधाचं बोट लावायचं नाही, सोनं उगाळूनही नाही आणि गुटीतूनही नाही. याच जंतूची बीजं मधात असू शकतात. आपल्या आतड्यात त्यांना थारा मिळत नाही, तान्ह्याच्या आतड्यात ती रुजतात आणि तिथेच विष बनवतात. आधी बद्धकोष्ठ होतं, मग रडणं बारीक होतं, दूध ओढता येत नाही. विहीणबाई आग्रह करतील, त्यांना माझं नाव सांग.